लोखंड आत, लोखंड बाहेर

१

आर्सिनुमच्या देवराईतला तुरानिउसांचा ओक कोणीतरी करवतीने कापून आडवा केला, आणि दुपार व्हायच्या आत गावाचं एकमत झालं की या पापाबद्दल एका गुलामाला टांगायला हवं. कुठे टांगायचं यावरून मात्र चौकात भांडण लागलं होतं. देवाच्या गुन्हेगाराला शुभ झाड चालत नाही, अशुभच लागतं. टेकडीखालचं नासपातीचं झाड रानटी असेल तर अशुभ, कलमी असेल तर शुभ. म्हातारे एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. झाड त्या गुलामानेच कापलं का, हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी लार्थ खेचरावरून उतरला तेव्हाही हा वाद ऐन रंगात होता. लार्थ एत्रुरियातला, पेरुसियाचा. मेंढीचं यकृत बघून देवांचा कल सांगणं हा त्याच्या घराण्याचा धंदा. लॅटिन लोकांत त्याची निम्मी हयात गेली होती, आणि जितकी ओळख वाढली तितकं त्याचं मत वाईट होत गेलं होतं. अडचण आली की हे लोक एत्रुस्कन माणसाला बोलावतात, त्याच्यापुढे माना डोलावतात आणि त्याची पाठ वळली की त्याच्या टोपीला हसतात. टोपी उंच, टोकदार आणि खरोखरच हास्यास्पद होती. पण हसायचा अधिकार या लोकांना असावा हे त्याला पटत नव्हतं.

नगरमुख्य सेक्स्तुस आफिनिउस त्याला घ्यायला वेशीपर्यंत आला. जाड मानेचा, हसतमुख माणूस. त्याच्या बुटांचे खिळे फरसबंदीवर टकटक वाजत होते आणि तो आवाज त्याला आवडत असावा.

"या बुवा, वेळेवर आलात," तो म्हणाला. "जरा सावलीत या. वीज पडली असं सांगता येईल का?"

"झाड करवतीने कापलंय असं तुमचा माणूस म्हणाला."

"करवतीनेच कापलंय."

"मग विजेने करवत कुठून आणली ते तुम्ही सांगा. बाकीचं मी सांगतो."

आफिनिउस मोकळेपणाने हसला. मग त्याने सगळं प्रकरण मांडलं. देवराईत वेदीच्या दोन अंगांना दोन ओक. एक तुरानिउसांचा, एक आफिनिउसांचा. मूल जन्मलं की त्या घराने आपल्या ओकाला लोकरीची पांढरी फीत बांधायची. झाड हिरवं तोवर घर हिरवं, झाड वाळलं की घर बुडालं, अशी गावाची पक्की समजूत. आता निवडणूक तोंडावर आली होती. आफिनिउस पुन्हा उभा होता, आणि त्याच्यासमोर थोरल्या तुरानिउसचा मुलगा.

"त्या टोणग्याला परवापर्यंत स्वतःच्या सासऱ्याचं मत मिळालं नसतं," आफिनिउस म्हणाला. "आज लोक त्याच्या गळ्यात पडून रडतायत. त्यांचा ओक पडला, माझा उभा आहे. गाव कोणाकडे बघणार?"

"तुमच्याकडे."

"म्हणून गुलाम. दुम्नाको नावाचा उत्तरेकडचा गॉल आहे, देवराईचा राखणदार, गावाच्या मालकीचा. त्याच्या झोपडीत लोखंडी सुरी सापडली. देवराईत लोखंड नेणं म्हणजे केवढं पाप, तुम्हाला सांगायला नको. तुम्ही आतडी बघा आणि देवाला तोच हवाय असं जाहीर करा. उद्या सकाळी टांगून मोकळे होऊ."

"आणि तुरानिउसांचं काय म्हणणं?"

"म्हाताऱ्याला टांगायची घाई नाही. तो म्हणतो, आधी तापल्या सळयांनी बोलतं करा, पैसे कोणी चारले ते सांगेल. म्हणजे माझं नाव घेईल. सळई लागल्यावर माणूस कोणाचंही नाव घेतो."

एकाला तो गुलाम बोलून मेलेला हवा होता, दुसऱ्याला न बोलता. लार्थला दोघांचीही सारखीच शिसारी आली.

"देवराई कोणत्या देवाची आहे?" त्याने विचारलं.

आफिनिउसने मान खाजवली. "देवाची किंवा देवीची. नक्की कोणालाच माहीत नाही. प्रार्थनेत आम्ही दोन्ही म्हणतो, म्हणजे चूक व्हायला नको."

लार्थने डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. गाव तिथेच होतं.

"आणि एक लक्षात ठेवा, बुवा," आफिनिउस तसाच हसत म्हणाला. "गुलाम निर्दोष आहे असं तुम्ही म्हणालात, तर मग कोण हेही सांगावं लागेल. नाव मिळालं नाही की या गावाला परक्या माणसाचं नाव फार पटकन सुचतं."

२

देवराईचा पुजारी पेत्रो हा म्हातारा, डोळ्यांनी अधू आणि बोलायला अनावर. तो लार्थच्या कोपराला धरूनच आत आला. लार्थच्या पायाला कुरूप होतं, म्हणून तो नेहमी मऊ चामड्याच्या पातळ चपला घालायचा. वेदीभोवतीची ओली माती त्याला तळव्यांना जाणवत होती. त्या मातीत सगळ्या गावाचे पाय उमटले होते, बुटांच्या खिळ्यांच्या ठिपक्यांसकट. मेलेलं झाड बघायला अख्खं आर्सिनुम येऊन गेलं होतं.

ओक आडवा पडला होता. त्याचा खुंट आणि कापलेलं तोंड काळ्या घोंगड्यांनी घट्ट गुंडाळलं होतं. शेजारी जमिनीवर थोरला नुमेरिउस तुरानिउस बसला होता, केसांत राख, पायांत काही नाही. उभ्या देवराईत अनवाणी आलेला माणूस तो एकटाच.

"हे झाकलं का?" लार्थने विचारलं.

"तुमच्यात मेलेल्याचं तोंड उघडं ठेवतात?"

"माणूस असला तर झाकतात."

"हा माझ्या आजोबांच्या आजोबांनी पाहिलेला आहे," म्हातारा शांतपणे म्हणाला. "माझ्या मुलाची फीत मी स्वतः याला बांधली. आता त्याचं पुढे काय होणार, ते आफिनिउसांना जाऊन विचारा."

"त्यांनीच केलं अशी खात्री आहे तुमची?"

"माझ्या खात्रीचं काय घेऊन बसलात. तो गॉल सांगेल. सळया चांगल्या तापवल्या म्हणजे झालं."

हे सगळं तो इतक्या मऊ आवाजात बोलला की लार्थला आधी त्याचा अर्थच लागला नाही. खोटं रडणं लार्थ लांबून ओळखायचा, त्याचं निम्मं पोट त्यावर चालत होतं. या म्हाताऱ्याचं दुःख मात्र खरं होतं. त्यामुळे लार्थची आणखीच चिडचिड झाली.

पेत्रोने त्याला बाजूला नेलं. "देवमाणूस आहे हो. गावात सण, खेळ, सगळे नाटकाला गेलेले. सकाळी मी येऊन बघतो तर झाड आडवं. मी रडत तुरानिउसांच्या दारात. थोरले मालक तसेच अनवाणी निघाले. माझ्या आधी पोचले म्हणा ना. स्वतःच्या हाताने झाडावर घोंगड्या घातल्या, स्वतःची डुकरीण कापली."

"कशासाठी?"

"प्रायश्चित्त नको का? लोखंड शिरलं देवराईत. गेल्या साली वेदीची फट बुजवायला गवंडी आला होता. छिन्नी आत नेताना एक डुकरीण, छिन्नी बाहेर आणताना दुसरी. नियमच आहे. त्या वेळी पहिली कापताना उंदीर चिरकला. मी म्हटलं, जाऊ दे. थोरले मालक म्हणाले, नाही, पूजा बाटली, पुन्हा पहिल्यापासून. असा काटेकोर माणूस. एक अक्षर इकडचं तिकडे होऊ देत नाहीत."

"काल सकाळी काय म्हणाले ते आठवतंय?"

पेत्रोने डोळे मिटून हात पसरले. "तू देव असशील वा देवी, ज्याची ही देवराई, या रानातून हे लोखंड बाहेर गेलं त्याबद्दल ही डुकरीण घे, आणि माझ्यावर, माझ्या घरावर, माझ्या मुलांवर कृपा ठेव."

लार्थ चालायचा थांबला. "पुन्हा म्हणा."

पेत्रोने पुन्हा म्हटलं. शब्द तेच होते.

"आणि डुकरीण एकच कापली?"

"एकच," पेत्रो म्हणाला. "का हो?"

३

दुम्नाकोला बाजारामागच्या धान्याच्या तळघरात कोंडलं होतं. लाल मिशांचा, रुंद खांद्यांचा हा गॉल पालथा पडून होता आणि लार्थ आल्यावर त्याने उठायची तसदी घेतली नाही.

"कोण, टोपीवाले का," तो म्हणाला. "मेंढीला विचारलंत? काय म्हणते?"

"मेंढीला अजून त्रास दिला नाही. सुरी तुझी?"

"माझीच."

"लोखंडाची."

"काशाच्या सुरीने यांच्या गावचं चीज कापून दाखवा. मी रोज आणायचो लोखंड. रोज, कमरेला. ससे सोलायला, भाकरी कापायला, नखं काढायला."

"भीती नाही वाटली?"

"कोणाची? त्यालाच ठाऊक नाही आपण बाप्या की बाई, त्याची?" दुम्नाको आता उठून बसला. "आमच्याकडे देवाला नाव असतं. आणि त्याला द्यायचं असेल तर चांगलं काहीतरी देतात. हे लोक डुकरीण देतात, तीही स्वतःच खातात, आणि देवाला सांगतात की आता तुझं माझं मिटलं."

लार्थला हा माणूस आवडायला लागला होता, आणि ते त्याला सोयीचं नव्हतं. "सणाच्या दिवशी कुठे होतास?"

"पलीकडच्या दरीत, फासे लावायला. संध्याकाळी परत आलो, झोपडीत गेलो, प्यायलो, झोपलो. झोपडी फाटकाशी आहे, वेदी दिसत नाही तिथून. हे यांना सांगितलं. यांनी ऐकलं नाही."

"काही वेगळं जाणवलं?"

दुम्नाकोने नाक ओढलं. "वास. भाजलेल्या आतड्यांचा. मला वाटलं पेत्रो चोरून काहीतरी खातोय, म्हातारा हावरट आहे. पण पेत्रो तर नाटकाला गेलेला."

"म्हणजे झाड पडल्याचं कळायच्या आदल्या संध्याकाळी देवराईत कोणीतरी डुक्कर भाजलं."

"तसं म्हणा."

"आणखी?"

"थोरला तुरानिउस. गेल्या हिवाळ्यापासून मला त्या झाडाजवळ जाऊ देत नव्हता. वाळकी फांदी काढायची म्हटलं तरी अंगावर यायचा. म्हणे पवित्र आहे. आधी काय नव्हतं?"

लार्थ दारापाशी गेला तेव्हा मागून आवाज आला. त्यात आता मघाचा तोरा नव्हता.

"टोपीवाले. सळया खरंच तापवणार आहेत का?"

४

लार्थ परत देवराईत आला तेव्हा तुरानिउस जेवायला घरी गेला होता. दुःख कितीही खरं असलं तरी या लोकांचं जेवण चुकत नाही.

त्याने एक काटकी घेतली आणि खुंटाच्या मागे, मुळांच्या बेचक्यात, जमीन चाचपली. करवतीचा भुसा सगळीकडे पसरला होता. एका जागी भुशाखालची माती भुसभुशीत लागली. भुसा वर, उकरलेली माती खाली. म्हणजे आधी उकरलं आणि मग झाड कापलं. त्याने काटकीने माती बाजूला केली. राख निघाली, अर्धवट जळलेली आतडी निघाली, डुकरिणीचा जबडा निघाला, आणि मिठाच्या पिठाच्या पवित्र वडीचा तुकडा. सगळं नीट, रीतीने पुरलेलं.

कोणीतरी देवाची आगाऊ माफी मागून मग करवत आत आणली होती.

लार्थ टाचांवर बसला आणि पोटातून हसला. चोर आत शिरण्याआधी घरधन्याच्या दारात नमस्कार करून, निमित्त सांगून, वर खाऊ ठेवून गेला होता. हे एत्रुरियात होणं शक्य नव्हतं. तिथे पापी लोकांनाही थोडी लाज असते.

मग तो उठला आणि त्याने खुंटावरची घोंगडी उचलली. आत झाड नव्हतंच. बोटभर रुंदीचं लाकूड कडेने शाबूत होतं. बाकी सगळं काळं, ओलं, कुजून भुगा झालेलं पोकळ भगदाड. हा ओक आता फार दिवस हिरवा राहिला नसता.

टकटक वाजणारे खिळे वेदीच्या फरशीवर आले. आफिनिउस होता.

"काय, बुवा, गुलामाचं जमतंय का?"

लार्थने घोंगडी खाली सोडली. "एक सांगा. तुम्हाला हे झाड पाडायचं असतं, तर लोखंड आत न्यायच्या आधी तुम्ही देवाला डुकरीण वाहिली असती?"

"मी?" आफिनिउस मनापासून चकित झाला. "डुकरीण कापली तर मी खाईन. पुरेन कशाला?"

"तेच म्हणतो. तुम्ही सुटलात."

"मग गॉल."

"गॉल रोज सुरी घेऊन आत येत होता आणि एकदाही त्याने देवाकडे बघितलं नाही. ज्याला रोज माफी मागावीशी वाटली नाही, तो त्या एकाच दिवशी जबड्यापासून आतड्यापर्यंत रीतसर विधी करेल? आणि तुमचे मंत्र त्याला शिकवले कोणी? त्याची सुरी हाच त्याच्या बाजूचा पुरावा आहे."

आफिनिउसच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. "मग उरतं कोण?"

"गाव गोळा करा, आत्ता, उन्हं आहेत तोवर. थोरल्या तुरानिउसना बोलवा. त्या गॉललाही आणा," लार्थ म्हणाला. "आणि एक डुकरीण आणा. चांगली, अंगावर डाग नसलेली."

५

गाव आलं. अशा प्रसंगी ते येतंच. कोणी सुकी अंजिरं बांधून आणली होती, बायकांनी बसायला चौरंग आणले होते, आणि नासपातीवाले म्हातारे वाटेतही भांडत होते. दुम्नाकोला हात मागे बांधून वेदीशी उभा केला. तुरानिउस आपल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून अनवाणी आला. लोकांनी त्याला वाट करून दिली, काहींनी त्याच्या तोग्याच्या काठाला हात लावून डोळ्यांना लावला.

"देवाचा कौल मिळाला का?" त्याने विचारलं.

"देवाची तक्रार आहे," लार्थ म्हणाला. "काल सकाळी तुम्ही लोखंड बाहेर गेल्याचं प्रायश्चित्त केलंत. आत आल्याचं राहिलं. विधी अर्धा पडलाय, तुमच्याच नावावर. ही डुकरीण घ्या आणि तेवढं पुरं करा. मग कौल सांगतो."

लोकांत पसंतीची कुजबुज झाली. डुकरीण पुढे आणली, तिच्या गळ्यातली हिरवी माळ ती स्वतःच खात होती.

तुरानिउस हलला नाही. "ते पुजाऱ्याचं काम."

"बाहेरचं तुम्ही केलंत. आतलं दुसऱ्याने केलं तर चालतं का, पेत्रो?"

"छे, छे," पेत्रो म्हणाला. "ज्याने धरलं त्यानेच सोडायचं. थोरल्या मालकांनीच मला शिकवलंय ते."

कोणीतरी म्हाताऱ्याच्या हातात काशाचा सुरा दिला. त्याने तो धरला. वेदीपाशी जाऊन त्याने डोक्यावर तोग्याचा पदर घेतला.

"मी सांगतो तसं म्हणा," लार्थ म्हणाला. "तू देव असशील वा देवी."

"तू देव असशील वा देवी."

"हे लोखंड मी आत आणलं नाही, आणवलं नाही, आणि कोणी आणलं ते मला ठाऊक नाही."

म्हाताऱ्याचं तोंड उघडलं. "हे लोखंड मी," तो म्हणाला, आणि थांबला. त्याने घसा साफ केला. "हे लोखंड मी."

गाव वाट बघत उभं राहिलं. मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, म्हणा ना." म्हाताऱ्याने सुरा दुसऱ्या हातात घेतला. तिसऱ्यांदा त्याला 'मी' सुद्धा म्हणता आलं नाही. त्याने सुरा वेदीवर ठेवला, पदर मागे घेतला आणि तिथेच पायरीवर बसला.

"ते प्रायश्चित्त झालेलं आहे," तो म्हणाला. "पुन्हा केलं तर पहिलं बाटलं असं होईल. मग माझ्या मुलावर कोपेल."

"झालेलं आहे," लार्थ म्हणाला. "तिथे, मुळांत पुरलंय, भुशाच्या खाली. कापण्याआधी. या गावात असा माणूस एकच आहे जो पाप करायच्या आधी परवानगी काढेल, आणि ज्याचं एकदा चुकतं केलं त्याची माफी दुसऱ्यांदा मागायला घाबरेल. तुम्ही काल अर्धाच विधी केलात तेव्हाच मला कळलं. ज्या माणसाने उंदीर चिरकला म्हणून आख्खी पूजा पुन्हा करवली, तो अर्धा विधी विसरत नाही. उरलेला अर्धा त्याने कधीतरी केलेला असतो."

त्याने जाऊन घोंगडी ओढली. पुढच्या लोकांनी खुंटात डोकावून पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून मागच्यांना कळलं.

"हिवाळ्यात ठोकून बघितला," तुरानिउस म्हणाला, कोणाकडेही न बघता. "आत वाजला. नुसता पोकळ वाजला. निवडणुकीच्या आत पानं झडली असती. तुम्ही सगळ्यांनी म्हटलं असतं, तुरानिउस संपले. वाळून मेला असता तर आम्ही बुडालो असतो. मारला गेला तर..."

"तर लोक गळ्यात पडून रडतात."

"मी त्याची क्षमा मागितली. रीतीने मागितली. आत नेताना, बाहेर आणताना. माझ्याकडे काही बाकी नाही."

लार्थने बांधलेल्या गॉलकडे बोट केलं. "आणि हा?"

म्हाताऱ्याने प्रथमच दुम्नाकोकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, लाज नव्हती, नुसतं न समजणं होतं.

"गुलाम टांगला तर प्रायश्चित्त लागत नाही," तो म्हणाला. "मी आधी नियम तपासले होते."

आजवर लार्थने या लोकांना पोटभर हसून घेतलं होतं. आता हसू आलं नाही. एका माणसाला सळया लावायला सांगताना ज्याची जीभ अडखळली नाही, त्याची जीभ एका कुजक्या खुंटापुढे लुळी पडली होती. आणि गावाच्या चेहऱ्यावर राग होता तो खुंटासाठी. गॉलसाठी कोणाच्याच चेहऱ्यावर काही नव्हतं.

६

तुरानिउसला कोणी टांगलं नाही. तोगा घालणाऱ्या नागरिकांसाठी नासपातीचं झाड नसतं. मुलाने निवडणुकीतून नाव काढून घेतलं, आणि बापलेक गर्दीतून शेताच्या वाटेने निघून गेले. आफिनिउसचा चेहरा खुलला होता.

"छान झालं, बुवा," तो म्हणाला. "टांगायचं रद्द. आता त्या सुरीचं तेवढं आटपून टाकू."

"कसली सुरी?"

"गॉलची. ती तर त्याने कबूल केलीय. देवराईत लोखंड आणलं की गुलामाला वेताचे फटके. मरेपर्यंत असं नियमात नाही. पण बहुतेक मरतातच." गर्दीत मान्यतेच्या माना हलल्या. इतक्या लांब येऊन काहीच बघायला मिळणार नाही, ही भीती संपली होती. कोणीतरी वेत आणायला निघालंही.

दुम्नाकोने लार्थकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. दुपारभर तो आशेवर नव्हता. मधल्या घटकाभरात आशा धरून बसला होता, आणि तीच आता त्याला सहन होत नव्हती.

"थांबा," लार्थ म्हणाला. "आधी सगळ्यांनी एक पाय वर करा."

"काय?"

"पाय. घोडा खूर दाखवायला करतो तसा. नगरमुख्यांनी आधी."

आफिनिउसला वाटलं हा विधीचाच भाग आहे. त्याने पाय वर केला. त्याच्या बुटाच्या तळव्यात खिळ्यांची भरगच्च रांग होती, चालून चालून चकचकीत झालेली.

"हे कशाचे आहेत?" लार्थने विचारलं.

आफिनिउसने पाय खाली ठेवला नाही. तो एका पायावर तसाच उभा राहिला, आणि त्याच्या मागे आख्खं गाव एकेका पायावर उभं राहून आपापले तळवे बघत होतं. शेतकऱ्यांचे बूट, नासपातीवाल्या म्हाताऱ्यांचे बूट. पेत्रोने डोळे बारीक करून स्वतःचा पाय बघितला आणि तोंडावर हात ठेवला. तो पुजारी होऊन म्हातारा झाला होता आणि रोज खिळ्यांनिशी आत येत होता.

"सुरी एकाने आणली," लार्थ म्हणाला. "खिळे सगळ्यांनी आणले. वेत आणताय ना, जास्तीचे आणा. मी मोजून घेतो. या देवराईत आज बिनलोखंडाचे चार जण आले. मी, तुरानिउसचा म्हातारा, ही डुकरीण आणि हा गॉल."

लोकांना दुम्नाकोचे पाय आत्ता दिसले. गावाने त्याला कधी बूट दिलेच नव्हते.

एका बाईने घाईघाईने बूट काढून हातात घेतले आणि फाटकाकडे वळली.

"बाई, ते बाहेर नेऊ नका," लार्थ म्हणाला. "बाहेर नेण्याचं वेगळं प्रायश्चित्त आहे. विचारा पेत्रोला."

"आहे," पेत्रो रडवेल्या आवाजात म्हणाला. "ते वेगळं आहे."

बाई जागच्या जागी थबकली. बूट आता तिला टाकवतही नव्हते आणि धरवतही नव्हते. तीच अवस्था सगळ्यांची. आफिनिउस कोणत्याही देवाला मानत नव्हता, पण त्याची सगळी मतं इथे उभी होती, म्हणून त्यालाही हलता येईना.

"बुवा," तो दबक्या आवाजात म्हणाला, "सगळ्यांचं मिळून एका डुकरिणीत होईल का?"

"विचारून बघतो. गॉलला सोडून विचारू की बांधलेला ठेवून?"

"सोडा त्याला. फटके नकोत. सुरीही घेऊ दे त्याची, झोपडीतच पडलीय."

दोऱ्या सुटल्या. लार्थ खुंटापाशी गेला आणि त्या काळ्या भगदाडात बराच वेळ बघत राहिला. तिथे काही नव्हतं. पण या लोकांना ताटकळत ठेवण्यात जो आनंद होता तो त्याला वर्षानुवर्षं मिळाला नव्हता.

"आत आल्याबद्दल ही एक पुरेल," तो शेवटी म्हणाला. "बाहेर जायला दुसरी लागेल. ती येऊन विधी होईस्तोवर कोणी फाटक ओलांडायचं नाही."

"पण दुसरी आणणार कोण?" मागून कोणीतरी विचारलं.

गावाला उत्तर कळायला थोडा वेळ लागला. मग सगळ्यांच्या नजरा दुम्नाकोच्या अनवाणी पायांवर आल्या. आफिनिउसने घसा साफ केला. त्या गॉलशी तो पहिल्यांदाच बोलत होता.

"दुम्नाको," तो म्हणाला, "बाबा रे, जरा एक डुकरीण घेऊन येतोस का?"

"बघतो," दुम्नाको म्हणाला.

तो आणि लार्थ फाटकाबाहेर आले. झऱ्यावर दुम्नाकोने मनगटं धुतली, वळ चोळले. मग तो ऑलिव्हच्या सावलीत पाय पसरून बसला, कमरेची सुरी काढली आणि झोपडीतून आणलेल्या चीजचा एक जाड तुकडा कापला. मागे देवराईत कुजबुज वाढत होती.

लार्थने टोपी काढून मांडीवर ठेवली. "आणणार आहेस ना?"

"आणू की," दुम्नाको म्हणाला आणि दुसरा तुकडा कापून त्याच्यापुढे धरला. "आधी जेवून घेऊ."